फणसाच्या काठवटीला उठावाची नक्षी: जमीन किती उतरवावी?

भुसा | ८ जुलै, रात्री १०.५२

मंडळी, जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या आजोळी, श्रीवर्धनजवळ, परसातला जुना फणस मुळासकट आडवा झाला. फांद्या चुलीत गेल्या. खोड मामाने माझ्यासाठी राखून ठेवलं, "भाच्याने लेथ घेतलाय, आत्तापर्यंत लाटणीच काढलीत, आता काहीतरी मोठं काढ म्हणावं" असा निरोप देऊन. दोन्ही टोकांना मेण थापून ओंडका पडवीत दोन वर्षं पडून होता. २०२२ मध्ये तो पुण्याला आणला आणि आईसाठी लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, काठवट कातायचं ठरवलं. तिची जुनी काठवट तडकली आहे आणि स्टीलच्या परातीत भाकरी नीट थापली जात नाही, हे मी लहानपणापासून ऐकतोय.

पहिल्या फेरीत कच्ची कातली. साडेसतरा इंच व्यास, भिंत पावणेदोन इंच म्हणजे साधारण ४५ मिमी. (व्यासाचा दहावा हिस्सा जाडी ठेवायची हा नेहमीचा आडाखा.) मग तिच्याच भुश्यात पुरून कागदी पिशवीत ठेवली आणि दर महिन्याला वजन. ६ किलो २०० ग्रॅमपासून सुरुवात झाली. ४ किलो ९०० वर येऊन काटा हलेनासा झाला, तेव्हा सुकली म्हटलं. या वेळेपर्यंत ती गोल राहिली नव्हती, चांगली लंबगोल झाली होती. लाकूड वर्षवलयांच्या दिशेने जितकं आक्रसतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडे आक्रसतं, आणि नसेच्या (लाकडाच्या धाग्यांच्या) लांबीत जवळजवळ नाहीच.

मागच्या महिन्यात हेडस्टॉक (लेथचं फिरवणारं डोकं) वळवून बाहेरच्या बाजूला लावली आणि पक्की कातली. आता व्यास १७ इंच, उंची ६ इंच, भिंत १४ मिमी. काठाच्या खाली बाहेरून ६० मिमी रुंदीचा एक पट्टा ठेवलाय, तो भिंतीपेक्षा ८ मिमी वर उठलेला आहे. यावर कोयऱ्यांची रांग कोरायची आहे.

पट्टा ठेवायची अक्कल मागच्या चुकीतून आली. सरावासाठी आंब्याचा ११ इंची वाडगा केला होता. कातताना मजा आली म्हणून भिंत ९ मिमीपर्यंत नेली. मग वाटलं, आता नक्षी करू. जमीन (नक्षीमागचा भाग) ४ मिमी उतरवली, म्हणजे खाली राहिलं ५. एका ठिकाणी पटाशी आरपार. शिवाय दोन बाजूंना कोयऱ्यांच्या शेपट्या टपाटप उडाल्या. त्या सुपरग्लूने चिकटवल्या, तर तेल दिल्यावर तेवढेच डाग फिके राहिले, गोंद प्यालेल्या लाकडात तेल शिरतच नाही. तो वाडगा आता खिळे ठेवायला.

प्रश्न:
८ मिमी उठाव पुरेल की जास्त होईल?
त्या दोन बाजूंनाच शेपट्या का उडाल्या?
आणि कागदावर काढलेली नक्षी वाडग्यावर चिकटवली की सुरकुत्या पडतात, त्याला काय करता?

---

शंकासुर | ८ जुलै, रात्री ११.२०

काठवट भाकरीसाठी आहे ना? मग नक्षी कशाला? पीठ अडकणार, ओलं पीठ वाळणार, मुंग्या येणार.

---

घाटावरची_सून | ८ जुलै, रात्री ११.३१

शंकासुर, नक्षी बाहेरून आहे हो. वाचा तरी.

भुसा, आमच्याकडे काटवट म्हणतात, माहेरी खानदेशात काठोट. नाव काहीही असो, आत एकही रेघ नको. कळण्याची भाकरी थापताना तळहात गोल फिरतो, तिथे खरखर चालत नाही. आणि बूड जड ठेवा. हलकी काठवट थापताना नाचते.

---

अडाणी_सुतार | ९ जुलै, सकाळी ७.१५

फोटो पाहिले. कात छान उतरली आहे.

पहिलं म्हणजे, जुन्या काठवटी बहुतेक कातलेल्या नसायच्या. आमचे आजोबा वाकसाने (कुदळीसारख्या तासणीने) पोखरायचे, बाहेरून वाकस, आतून वाकडी पटाशी, शेवटी काचेच्या तुकड्याने खरवडायचं. कातारी वेगळा, सुतार वेगळा. कातीव काम कातारी करणार, कोरीव काम सुतार करणार, आणि एक दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणार नाही. तुम्ही दोन्ही एकट्याने करताय, म्हणून गफलत झाली. कातताना कोरणाऱ्याचा विचार करायचा असतो. यावेळी केलात, बरं झालं.

आता शेपट्यांचं. तुमचा वाडगा ओंडक्याच्या फळीतून आडवा कातलाय, म्हणजे नस बुडाला समांतर, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाते. वाडगा हातात घेऊन एक फेरी मारा. दोन समोरासमोरच्या बाजूंना नस भिंतीला समांतर दिसेल, लांब रेघा. उरलेल्या दोन बाजूंना नसेची टोकं बाहेर तोंड करून असतील, ब्रशच्या केसांसारखी. त्या टोकांवर बारीक शेपटी कोरली की ती म्हणजे नुसते सुटे केस. पटाशी जरा बोथट असली की केस मोडतात. तुमच्या त्याच दोन बाजू.

लांब रेघांच्या बाजूला दुसरी गंमत. तिथे आडवी रेघ टिकते, पण उभा बारीक देठ ठेवलात तर तो नसेला आडवा कापला जातो आणि कपचीसारखा निघतो. म्हणून चारही बाजूंना एकच नक्षी तशीच्या तशी चालत नाही. कोयरीचं टोक जाड ठेवा, आकड्यासारखं वळवू नका.

कोरायची दिशा पेन्सिलीने बाणांनी काढून घ्या. आडवं कापताना लांब रेघांच्या मधोमधून सुरू करा आणि टोकांच्या बाजूकडे जा. म्हणजे एका फेरीत चार वेळा दिशा बदलते. उभं कापताना बुडाकडून काठाकडे, जसं बाहेरून कातता तसंच.

फणसाची नस उलटसुलट असते, तेव्हा हे सगळं पाळूनही काही ठिकाणी उखडेल. तिथे पटाशी तिरकी धरून, सुरीसारखी सरकवत कापायचं.

---

भुसा | ९ जुलै, सकाळी ९.०२

काका, 'ब्रशचे केस' एकदम डोक्यात बसलं. लेथवर कातताना त्याच दोन बाजू खडबडीत निघतात हे माहीत होतं, पण कोरताना तीच गोष्ट परत भेटेल हे सुचलंच नाही.

बाण काढायला बसतो. आणि ८ मिमी?

---

अडाणी_सुतार | ९ जुलै, दुपारी १.४०

८ फार. पट्टा लेथवर परत लावून ४ वर आणा.

८ मिमी खोल जमीन आणि ५-६ सेंटीमीटरची कोयरी म्हणजे वरून चिकटवल्यासारखी दिसणार. हात लागला की बोचणार. टोकांच्या बाजूंना तर हमखास मोडणार. शिवाय रांगेतल्या सगळ्या कोयऱ्यांमधली जमीन ८ मिमी एकसारखी उतरवायची म्हणजे दोन महिने.

आणि जमीन सगळीकडे सपाट उतरवायची गरजच नाही. कोयरीच्या कडेला पूर्ण ४ मिमी खाली जा, दोन कोयऱ्यांच्या मध्ये हळूहळू वर येऊ द्या. सावली कडेलाच पडते. डोळा फसतो, उठाव आहे त्यापेक्षा जास्त वाटतो. वाड्यांच्या तुळयांवर, चौकटींवर हेच केलेलं असतं.

---

वाड्यातला | ९ जुलै, दुपारी ३.१५

+१. पुण्यात असाल तर विश्रामबागवाड्याचं दर्शनी काम जवळून बघा. सुरूच्या आकाराचे खांब, वर केळफुलाची कमान, पाकळ्या एकावर एक. लांबून खूप खोल वाटतं. दुसऱ्या बाजीरावाच्या कारागिरांनी बोटभरही खोल न जाता काम साधलंय अशा जागा तिथे सापडतात. सकाळी ऊन तिरपं असताना जा, दुपारी सगळं सपाट दिसतं. मग केळकर संग्रहालयातले दरवाजे बघा.

अवांतर: कोयरीऐवजी केळफुलाच्या पाकळ्या का नाही? फणसाच्या लाकडावर केळफूल, परसबाग पूर्ण होईल. :)

---

मायकोकण | ९ जुलै, संध्याकाळी ६.३०

बरा दिसता हां काम. फणस पिवळो धमक असा ना? थोड्या दिवसांनी बघा.

आमच्याकडे फणसाचे पाट असतत. नवीन असताना हळद लावल्यासारखे, दहा वर्षांनी तपकिरी. सावंतवाडीला खेळण्यांसाठी हलकं लाकूड घेतात, पांगारा वगैरे, वर लाखेचा रंग चढतो. तुमच्यावर रंग नाही, तेव्हा फणसच बरा, वाळवी सहसा लागत नाही.

---

भुसा | १० जुलै, रात्री १०.१०

पट्टा ४ मिमीवर आणला. सतरा इंचाचं भांडं, म्हणून वेग सुरुवातीला ३०० च्या आतच ठेवला. (ज्यांना आडाखा हवा त्यांच्यासाठी: इंचातला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे, हा आकडा ६००० ते ९००० च्या दरम्यान. १७ इंचाला ३५० ते ५३०. मी वरच्या टोकाला जायची हिंमत करत नाही. मागे एकदा ओंडका चकमधून (लाकूड पकडणाऱ्या जबड्यातून) सुटून शेजाऱ्यांच्या स्कूटरपर्यंत गेला होता. तेव्हापासून चेहऱ्यावर पूर्ण शील्ड.)

मायकोकण, पिवळ्या रंगाचं अगदी खरं. कातल्यावर माझे हात दोन दिवस हळदीच्या कार्यक्रमातून आल्यासारखे होते. म्यानमार, श्रीलंकेकडे भिक्षूंची चीवरं फणसाच्या लाकडाच्या ढलप्यांनीच रंगवत, ते हेच.

पण त्यावरून नवा प्रश्न. पट्टा उतरवायच्या आधी, काल एक कोयरी कोरून पाहिली. नवी कापलेली जमीन लख्ख पिवळी, कोयरीचा वरचा भाग महिन्याभरात तांबूस झालेला. नक्षी अशी उठून दिसली की मी खूश. मग लक्षात आलं, ही जमीनही उद्या तपकिरी होणार. मग काय राहणार?

---

अडाणी_सुतार | ११ जुलै, सकाळी ७.०५

सावली राहणार. रंगावर जाऊ नका.

रात्री खोलीतले दिवे बंद करा आणि टॉर्च एका बाजूने, अगदी लाकडाला टेकून धरा. जे दिसेल ते खरं काम. समोरून टॉर्च मारून बघायचं नाही.

---

मिनेसोटा_मुक्काम | ११ जुलै, सकाळी ८.४८

इकडून नमस्कार. वाचनखूण साठवली.

मी सेंट पॉलजवळ राहतो. इथेच अमेरिकन कातकाम करणाऱ्यांच्या संघटनेचं (१९८६ ची आहे) मुख्य कार्यालय आणि छोटी गॅलरी आहे. तिथे कातलेल्या भांड्यांवर कोरीव काम खूप बघायला मिळतं, बरंचसं फिरत्या विजेच्या हत्यारांनी केलेलं. ड्रेमेलसारखं यंत्र आणि बारीक बर (दातेरी टोक). टोकांच्या बाजूला ते कापत नाही, घासतं, त्यामुळे शेपट्या उडायचा प्रश्नच नाही. दोन दिवसांत काम होईल.

दुसरं, शेजारच्या आयोवात डेकोरा गावी नॉर्वेजियन-अमेरिकन लोकांचं वेस्टरहाइम संग्रहालय आहे. तिथे बिअर प्यायचे मोठे कातीव वाडगे आहेत, वेलबुट्टीने रंगवलेले, आणि काठाभोवती अक्षरं. गोल फिरत वाचायची. देवनागरीत असं का करू नये?

---

पटाशी | ११ जुलै, सकाळी ९.३०

ड्रेमेलने केलेली जमीन टॉर्चखाली बघा, गोगलगाय फिरल्यासारखी दिसते. आणि फणसाचा तो बारीक भुसा नाकात! पटाशीच्या ढलप्या झाडून टाकता येतात, धूळ घरभर जाते. हातानेच करा.

---

मिनेसोटा_मुक्काम | ११ जुलै, सकाळी ९.५५

हाताने करणाऱ्यांचा मान आहेच, पण संधिवात असलेले लोकही कोरतात हो. धूळ ओढणारं यंत्र आणि मास्क लावला की झालं. गोगलगायीबद्दल मात्र सहमत, शेवटचा हात पटाशीचाच लागतो.

---

भुसा | ११ जुलै, रात्री ११.१५

अक्षरांची कल्पना डोक्यातून जाईना. ऑफिसातून येताना बसमध्ये कागदावर काढत होतो. विचार करा, लेथवर पट्ट्याच्या वरच्या बाजूला एक बारीक गोल कणी (उठलेली रेघ) कातायची, तीच शिरोरेषा! इंग्रजी अक्षरं सुटी सुटी उभी असतात, आपली टांगलेली. वाडग्याच्या काठाला देवनागरी जन्मजात शोभते. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, चार बाजूंना चार.

मग 'ज्वारी' लिहिलं आणि गाडं अडलं. वेलांटी शिरोरेषेच्या वर जाते, म्हणजे कणीच्या वरही पट्टा हवा. रकाराचं ते बारीक वळण आणि वेलांटीचा आकडा बरोबर टोकांच्या बाजूला आले तर ब्रशचे केस. 'बाजरी', 'नाचणी' यांचंही तेच, वेलांट्याच वेलांट्या. एकट्या 'तांदूळ'वर फक्त अनुस्वार आहे, पण खाली उकार लोंबतोय.

ही कल्पना पुढच्या वाडग्याला, शिवणीच्या लाकडात. शिवण मऊ आणि शांत, तिथे जमेल. इथे कोयऱ्याच.

---

घाटावरची_सून | ११ जुलै, रात्री ११.४०

नागली म्हणा की, नाचणी कशाला. :) आणि बाजरी आधी, ज्वारी नंतर असं कोणी म्हटलं तर भांडण होईल, बरं झालं कोयऱ्या ठरल्या.

---

पटाशी | १२ जुलै, सकाळी १०.२०

कागदाच्या सुरकुत्यांवर कोणी बोललं नाही. वाडगा दोन दिशांनी वळलेला असतो, कागद एकाच दिशेने वळतो. सपाट कागद कधीच बसणार नाही. म्हणून आखणी थेट लाकडावर.

लेथला इंडेक्स प्लेट (समान अंतरावर भोकं असलेली चकती) असेल तर २४ भोकं वापरा. १७ इंच म्हणजे ४३२ मिमी, परीघ साधारण १३५७, भागिले २४, एका कोयरीला साडेछप्पन मिमी. ६० उंचीच्या पट्ट्यात व्यवस्थित. पट्ट्याच्या खालच्या कडेला व्यास कमी होतो. समजा ३८० असेल तर तिथे पन्नासच मिमी मिळतील. म्हणून कोयरीचं बूड वर आणि टोक खाली ठेवा, निमुळतेपणा आपोआप जुळेल.

उभ्या रेषा टूलरेस्टला (हत्यार टेकवायच्या पट्टीला) पेन्सिल टेकवून मारा, मग एक कोयरी पातळ प्लॅस्टिकच्या फाइलमधून कापून तिच्याभोवती गिरवा. प्लॅस्टिक छोटं असलं की वाकतं, सुरकुती पडत नाही.

२४ चं आणखी एक: चार भागांत सहा-सहा येतात. सुतारकाकांनी सांगितलेले चार दिशाबदल बरोबर दोन कोयऱ्यांच्या मधल्या जागेत पाडा, एकाही कोयरीच्या पोटात दिशा बदलावी लागणार नाही.

---

भुसा | १२ जुलै, सकाळी १०.३३

हे शेवटचं वाक्य वाचून चहा बाजूला ठेवला. भारी!

---

भुसा | २४ ऑगस्ट, रात्री ९.४५

प्रगती. धागा वर काढतोय.

२४ पैकी २४ झाल्या. सुरुवातीला एका कोयरीला अडीच तास, शेवटी सव्वा. लेथवरच लावून, स्पिंडल (फिरणारा दांडा) कुलूप करून कोरलं, पण मोगरी मारली नाही, बेअरिंगची भीती वाटते. फक्त हाताचा दाब. जिथे जोर हवा तिथे काढून वाळूच्या पिशवीवर ठेवून कोरलं. मळ्यातली वाळू भरलेली, जुन्या पॅन्टच्या पायाची पिशवी, वाडगा तिच्यात बसतो आणि हलत नाही.

क्रम असा ठरला: त्रिकोणी पटाशीने कोयरीभोवती रेघ, आखलेल्या कडेपासून दोन मिमी दूर. मग उथळ गोल पटाशीने रेघेकडे येत जमीन काढायची, रेघ असल्यामुळे ढलपी तिथेच तुटते, कोयरीत शिरत नाही. मग खऱ्या कडेवर सरळ खाली काप. मग परत जमीन. हे दोनदा केलं की ४ मिमी. आडवी पट्टी टेकवून खोली बघायची.

जमिनीवर पटाशीचे वेगवेगळे माग दिसत होते, टॉर्चने तर फारच. त्याला उपाय मामाने फोनवर सांगितला, देव्हाऱ्यावर असंच करतात म्हणून. जाड खिळ्याचं टोक घासून सपाट केलं, त्यावर कानसीने आडव्याउभ्या चार चार खाचा पाडल्या. झाला ठसा. जमीनभर टिकटिक ठोकत गेलो, अर्थात वाळूच्या पिशवीवर. सगळे माग गिळले गेले आणि गुळगुळीत कोयरी जास्तच उठून आली.

दोन शेपट्या उडाल्याच. अकरावी आणि तेवीसावी, दोन्ही टोकांच्या बाजूला. चिकटवल्या नाहीत, कोयरी थोडी बुटकी केली. सांगितल्याशिवाय कळत नाही. आता सांगितलं.

तेलाबद्दल सल्ला हवाय.

---

अडाणी_सुतार | २५ ऑगस्ट, सकाळी ७.२०

कच्चं जवसाचं तेल. 'उकळलेलं' म्हणून डब्यात मिळतं त्यात सुकवणारी धातूची औषधं असतात, पिठाच्या भांड्याला ते नको. कच्चं सुकायला आठवडे लागतात, थांबा. शेंगदाण्याचं लावू नका, सुकत नाही आणि महिन्याभरात खवट वास मारतं.

नक्षीच्या कोपऱ्यात तेल साचलं तर चिकट थर बसतो. अर्ध्या तासाने कोरड्या ब्रशने कोपरे टिपून काढा.

आणि तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं, फडक्यांचा बोळा आपोआप पेटतो. आमच्या शेजारच्या कारखान्यात एक बादली अशीच पेटली होती. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

---

भुसा | १९ ऑक्टोबर, रात्री ८.३०

तीन हात तेल, एक हात मेण. काल काठवट आईला दिली.

तिने ती आधी बाहेरून बघितलीच नाही. आत तळहात गोल फिरवला, दोनदा. मग बूड उचलून वजन पाहिलं. "जड आहे, चांगलं आहे." मग कोयऱ्यांवरून अंगठा फिरवत एक फेरी मारली, आणि अकराव्या कोयरीवर थांबली. "ही वेगळी का रे?"

संध्याकाळी बाजरीच्या भाकरी झाल्या. हाताला ओलं पीठ होतं, काठ धरताना ते कोयऱ्यांच्या कोपऱ्यात गेलंच. (शंकासुर, हसू नका.) आई काही बोलली नाही. धुताना जुना टूथब्रश आणायला सांगितला.

---

शंकासुर | १९ ऑक्टोबर, रात्री ८.४४

हसत नाहीये. फोटो टाका, अकराव्या कोयरीचा.

---

मायकोकण | १९ ऑक्टोबर, रात्री ९.१०

उथळ गोल पटाशी किती रुंदीची घेतलेली? माका पण एक ओंडको गावलो असा.

---

भुसा | १९ ऑक्टोबर, रात्री ९.२५

जमिनीला १२ मिमी, जवळजवळ सपाट वळणाची. कोयऱ्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ६ मिमी. आणि दर कोयरीला दोनदा चामड्याच्या पट्टीवर घासायची, फणस धार लवकर खातो. ओंडक्याच्या टोकांना आजच मेण लावा, उद्यावर ठेवू नका.